रेड सॉक्स नव्याने बघायला लागणाऱ्यांसाठी

स्वागत! बॉस्टनला आलायस आणि इथली बेसबॉल टीम रेड सॉक्स बघायचं ठरवलंयस, एकदम बरोबर टीम धरलीस. फक्त 1901 पासूनचे सगळे आकडे पाठ करायला बसू नकोस, नवीन लोक तिथेच कंटाळतात. सुरुवातीला दोनच गोष्टी घे. 1918 ला वर्ल्ड सिरीज (बेसबॉलची अंतिम मालिका) जिंकली, 1919 चा सीझन संपल्यावर आपला स्टार खेळाडू बेब रूथला न्यूयॉर्कच्या यँकीज टीमला विकलं, आणि मग थेट 2004 पर्यंत, तब्बल 86 वर्षं, एकही किताब नाही. आणि 2004 ला तरी कसं, तर यँकीजविरुद्धच्या मालिकेत 0-3 ने मागे असताना सलग चार मॅच काढल्या, पुढे वर्ल्ड सिरीजमध्ये सेंट लुईसच्या कार्डिनल्सना 4-0 हरवलं. त्या चार मॅच आधी बघच, मग इथली म्हातारी माणसं का रडली ते कळेल.

आता फेनवे पार्क. 1912 चं मैदान, अजून तिथेच खेळतात. डावीकडची हिरवी भिंत, ग्रीन मॉन्स्टर, 37 फूट उंच, पण होम प्लेटपासून (बॅटर उभा राहतो ती जागा) जेमतेम 310 फुटांवर, त्यामुळे इतर ठिकाणी आऊट होणारा उंच फटका इथे भिंतीला आपटून डबल होतो (बॅटर दुसऱ्या बेसपर्यंत पोचतो), तर सपाट वेगाने जाणारा, एरवी होमरन (थेट मैदानाबाहेर) झाला असता असा फटका भिंत अडवते. हे कळलं की अर्धी मजा आलीच.

नेहमीच्या चुका:
- ग्रँडस्टँडचं स्वस्त तिकीट घेताना समोर खांब आहे का ते न बघणं
- गाडी नेणं. ग्रीन लाईन मेट्रोने केनमोर स्टेशनला उतर
- पहिलीच मॅच यँकीजची, तिकीट महाग पडतं

स्टॅट्सचं नंतर बघू, आधी एक मॅच बघून ये आणि सांग.