एकरकमी पोटगी घ्यावी की दरमहा?

मुलुंडच्या शिक्षिका ताई, आपले पत्र काळजीपूर्वक वाचले. परस्परसंमतीच्या घटस्फोटात पती एकदाच 40 लाख रुपये किंवा दरमहा 30 हजार देण्यास तयार आहेत, दहा वर्षांच्या मुलीचा खर्चही त्यातच धरला आहे आणि वकील मिळणाऱ्या रकमेच्या दहा टक्के फी मागत आहेत, असे आपण कळवले आहे.

40 लाख म्हणजे अकरा वर्षांचे हप्ते. सात टक्के व्याज धरले तर महिन्याला 23 हजारांच्या आसपास पडतात, शिवाय मुद्दल शाबूत राहते. तरीही माझा कल एकरकमी पोटगीकडे आहे, तो केवळ या हिशेबामुळे नव्हे. पतींचा छपाईचा व्यवसाय आहे, आणि उत्पन्न घटल्याचे सांगून दरमहा पोटगी कमी करून मागण्याची मुभा हिंदू विवाह कायद्याचे कलम 25 देते. हप्ते थकले तर वसुलीसाठी आपल्यालाच वांद्र्याच्या कुटुंब न्यायालयाच्या खेपा घालाव्या लागतील. करातही फरक आहे: मुंबई उच्च न्यायालयाने 1984 साली एकरकमी पोटगी भांडवली स्वरूपाची म्हणून करमुक्त आणि मासिक पोटगी करपात्र ठरवली होती. एकरकमी पैशावरच्या व्याजावर मात्र कर लागेल.

मुलीचा खर्च त्या 40 लाखांत मिसळू नका, ही माझी कळकळीची विनंती. संमतीच्या अटींच्या मसुद्यात ‘पत्नी व मुलीची यापुढे कोणतीही मागणी राहणार नाही’ असे वाक्य असेल, तर त्यातून मुलीचे नाव काढायला लावा. पोटगीचा हक्क तिचा स्वतःचा आहे, आईने सही केली म्हणून तो संपत नाही. पण असे वाक्य कागदावर राहिले की पुढे भांडण वाढते. शाळेची फी, उच्च शिक्षण आणि आरोग्य विमा यांसाठी दरमहा वेगळी रक्कम ठरवावी आणि ती दरवर्षी ठरावीक टक्क्यांनी वाढेल असे लिहून घ्यावे. त्यासाठी आपल्या वाट्याचे चार-पाच लाख सोडावे लागले तरी मी सोडा म्हणेन.

वकिलांच्या मागणीला स्पष्ट नकार द्या. वसूल होणाऱ्या रकमेत वाटा घेण्यास बार कौन्सिलचे नियम मनाई करतात. ठरावीक फी लेखी घ्या.

संपूर्ण रकमेचा डिमांड ड्राफ्ट अंतिम सुनावणीच्या दिवशी न्यायालयातच हाती पडला पाहिजे, उरलेले नंतर देतो हे मान्य करू नये. ड्राफ्टवरचे नाव आणि बँक खात्यावरचे नाव अक्षरशः जुळते का, हे आधीच तपासा. खाते सासरच्या आडनावाने असेल तर ड्राफ्टही त्याच नावाने काढायला सांगा.