वाचकांचे प्रश्न : रेकॉर्ड रूममधला संगणक आणि शेजारची वही

प्रश्न : मी एका धर्मादाय रुग्णालयाच्या वैद्यकीय अभिलेख विभागाचे काम पाहते. आमचे सर्व कर्मचारी एमएस-सीआयटी उत्तीर्ण आहेत. तरीही घरी सोडलेल्या प्रत्येक रुग्णाची नोंद ते आधी वहीत करतात आणि सवड मिळेल तशी संगणकावर चढवतात. ज्येष्ठ मंडळींना संगणक नकोच आहे, असे व्यवस्थापनाचे मत आहे. त्यांची वृत्ती कशी बदलावी?
– एक वाचक, सांगली

उत्तर : वृत्तीकडे वळण्यापूर्वी, त्या वहीत असे काय मिळते जे पडद्यावर मिळत नाही, हे आपण त्यांच्याच शेजारी बसून पाहावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. नवे तंत्र माणसे का स्वीकारतात याचा अभ्यास करताना फ्रेड डेव्हिस यांनी १९८९ मध्ये दोन गोष्टींवर बोट ठेवले होते : त्याचा आपल्या कामाला उपयोग आहे असे वाटणे आणि ते वापरायला सोपे वाटणे. एमएस-सीआयटीमुळे दुसरी गोष्ट थोडीफार साधते. पहिली मात्र प्रमाणपत्राने येत नाही. पत्र टंकलिखित करता येणे वेगळे आणि नाव नीट न सांगता येणाऱ्या नातेवाइकाने ‘गणपतीच्या सुमारास पुरुष विभागात दाखल होते’ एवढ्याच माहितीवर मागितलेला केस पेपर काढून देणे वेगळे. वहीत तारखेच्या पानांवरून बोट फिरवले की तो रुग्ण सापडतो. प्रणाली जर नोंदणी क्रमांकाशिवाय शोधच घेऊ देत नसेल, तर वही धरून ठेवणारा कर्मचारी हट्टी नाही, तो आपले काम जाणतो.

नावांचीही अशीच अडचण आहे. संगणकात नाव रोमन लिपीत भरले जाते आणि एकाच शेख किंवा चौधरी आडनावाची तीन-तीन स्पेलिंगे होतात. मग एकाच रुग्णाचे दोन क्रमांक पडतात आणि त्याची जुनी शस्त्रक्रिया दुसऱ्याच फायलीत राहते. चौदा अंकी आभा (आयुष्मान भारत आरोग्य खाते) क्रमांकामुळे ही गफलत कमी होऊ शकते, पण तो प्रत्येक रुग्णाकडे असतोच असे नाही. जन्मवर्ष, गाव आणि वडिलांचे वा पतीचे नाव ताडून दोन नोंदी एकाच माणसाच्या आहेत हे ओळखणारी नजर ज्येष्ठ लिपिकाकडेच असते, आणि ते ज्ञान संगणकाच्या ज्ञानापेक्षा कमी मानण्याचे काहीही कारण नाही.

आजारांच्या वर्गीकरणाचे एक उदाहरण घ्या. डिस्चार्ज कार्डावर नुसते ‘ताप’ लिहिलेले असेल, तर आयसीडी-१० या जागतिक आरोग्य संघटनेच्या आजार-वर्गीकरणाप्रमाणे सांकेतांक आर५०.९ पडतो, म्हणजे कारण न कळलेला ताप. त्याच केस पेपरात प्रयोगशाळेचा डेंग्यू पॉझिटिव्ह अहवाल लावलेला असतो. निदान डेंग्यूचे असेल, तर त्याचा सांकेतांक सुधारित आवृत्तीत ए९७ आहे. कर्मचाऱ्याने तो परस्पर टाकायचा नसतो, तर डॉक्टरांना विचारून निदान दुरुस्त करून घ्यायचे असते. ही तफावत त्याच्या नजरेस आली नाही, तर तो रुग्ण डेंग्यूच्या आकडेवारीतून निसटतो. प्रशिक्षण द्यायचे असेल तर असे, आपल्याच रुग्णालयातून आठवडाभरात आलेले केस पेपर पुढ्यात घेऊन द्यावे. तरुण ऑपरेटर आणि जुना लिपिक यांची जोडी लावली, तर एकाला की-बोर्ड आणि दुसऱ्याला कागद कळतो आणि शिकणे दोन्ही बाजूंनी होते.

वही न सोडण्यामागे धास्तीही असते, आणि ती निराधार नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला, तेव्हा देशातल्या त्या अग्रगण्य रुग्णालयाला कित्येक दिवस नोंदणीपासून तपासणी अहवालांपर्यंतची कामे कागदावर करावी लागली. मात्र रोजची दुहेरी नोंद हा त्यावरचा उपाय नाही. बॅकअप कोण घेतो, सर्व्हर बंद पडल्यास कोणता छापील नमुना वापरायचा आणि तो नंतर संगणकावर कोणी चढवायचा, हे लेखी ठरवून विभागात लावावे. ते एकदा प्रत्यक्ष करून पाहिले की वहीवरचा भार आपोआप उतरू लागतो.

एका बाबतीत मात्र कठोर राहावे. अख्ख्या विभागाने एकच लॉगिन वापरणे आणि पासवर्ड मॉनिटरला चिकटवून ठेवणे ताबडतोब थांबवावे. चूक कोणाकडून झाली हे कळत नसेल, तर ठपका बहुधा सर्वांत कनिष्ठ कर्मचाऱ्यावर येतो, आणि ज्याला एकदा असा ठपका बसला तो पुढे पडद्याला हात लावायला कचरतो. स्वतंत्र लॉगिन हे त्याच्यासाठी संरक्षण आहे, हे त्याला समजावून सांगावे.

प्रश्न : स्कॅन करून झालेले जुने केस पेपर रद्दीत काढता येतील का?
– एक लिपिक, नाशिक जिल्हा

उत्तर : घाई करू नये. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या विनियमांनुसार आंतररुग्णांचे अभिलेख उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षे जपावे लागतात आणि रुग्णाने किंवा त्याच्या अधिकृत प्रतिनिधीने मागितल्यास ७२ तासांत द्यावे लागतात. शासकीय रुग्णालयात शासनाचे जतनाचे नियमही पाहावे लागतात, म्हणून वरिष्ठांच्या लेखी आदेशाशिवाय एकही गठ्ठा बाहेर जाऊ देऊ नये. एमएलसीचे, म्हणजे पोलीस वा न्यायालयाशी संबंध येणाऱ्या वैद्यकीय प्रकरणांचे, कागद तर प्रकरण न्यायालयात पूर्ण निकाली निघेपर्यंत मूळ स्वरूपातच ठेवावेत. स्कॅन तपासताना पानाची मागची बाजू, फिकट कार्बन प्रत आणि परिचारिकांच्या नोंदी आल्या आहेत ना, हे मूळ कागद शेजारी ठेवून पाहावे. ईसीजीच्या पट्ट्या थर्मल कागदावर असतात आणि काही वर्षांत पुसट होतात, तेव्हा त्यांचे स्कॅनिंग सर्वांत आधी उरकावे.