फॉल्ट कोणाचा आणि फॉल्ट कुठे

अरे बाळा,

तुझा मेसेज रात्री पावणेतीनचा आहे. मी सकाळी वाचला आणि तेव्हापासून तीनदा उत्तर टाइप करून तीनदा खोडलं, कारण फोनवर चार ओळीत जे काही लिहिलं जात होतं ते "होतं असं, सोडून दे" या थाटाचं होत होतं आणि तसलं काही मला कोणी सांगितलं की मलाही कधी बरं वाटलेलं नाही. म्हणून हे लांबलचक पत्र, सवडीने वाच.

तू लिहिलंयस की टेस्टचा सर्व्हर समजून लाइव्हवरचा, म्हणजे लोक प्रत्यक्ष वापरतात त्यावरचा, डेटा उडवला, चार तास सगळं बंद होतं, आणि मग, "ताई, सगळा फॉल्ट माझाच आहे." मी या शेवटच्या चार शब्दांवर अडकलेय.

माझी सगळी नोकरी जमिनीखालच्या वीज केबलचे फॉल्ट शोधण्यात गेली हे तुला माहितीये. आमच्याकडे हा शब्द दिवसातून पन्नासदा तरी यायचा आणि साइटवर त्याच्यासोबत प्रश्न एकच असायचा, फॉल्ट कुठे आहे? किती मीटरवर, कुठल्या जॉइंटच्या अलीकडे की पलीकडे? "फॉल्ट कोणाचा" हा प्रश्न यायचा तो नंतर, ऑफिसात, टेबलाभोवती बसल्यावर. शब्द तोच रे, पण त्या दोन प्रश्नांनी माणसं दोन वेगळ्या दिशांना चालायला लागतात, हे मी इतक्यांदा पाहिलंय की आता कोणी "फॉल्ट" म्हटलं की पुढे "कुठे" येतंय की "कोणाचा" याचीच मी वाट बघते.

केबल गेली की आम्ही काय करायचो ते सांगते. आधी ती दोन्ही टोकांना सोडवायची, जमिनीशी जोडून (अर्थिंग करून) तिच्यात वीज उरली नसल्याची खात्री करायची, मेगर म्हणजे इन्सुलेशन तपासायचं यंत्र लावून आतल्या कुठल्या तारेचं (फेजचं) इन्सुलेशन गेलंय ते बघायचं. मग एका टोकाकडून विजेचा एक बारीक पल्स सोडायचा, तो फॉल्टवर आपटून परत येतो, जाऊन यायला लागलेल्या वेळावरून अंतर काढायचं. हे झालं ढोबळ. नेमक्या जागेसाठी सर्ज जनरेटर, तो दर काही सेकंदांनी केबलमध्ये हाय व्होल्टेजचा झटका टाकतो, फॉल्टच्या जागी ठिणगी उडते आणि जमिनीतून धप् असा आवाज येतो, आणि आपण हेडफोन घालून जमिनीवर मायक्रोफोन टेकवत टेकवत केबलच्या वाटेने चालत राहायचं, धप् कुठे सगळ्यात जोरात येतो ते ऐकत. मला त्या कामातलं हे चालणं फार आवडायचं. त्या वेळी मनात कोणाबद्दल राग नसतो, फक्त कान असतात.

आणि उकरल्यावर काय सापडायचं? बऱ्याचदा पाणी शिरलेला जॉइंट, नाहीतर केबलच्या अंगावर कुदळीचा जुना घाव. कोणीतरी कधीतरी दुसऱ्याच कामासाठी खणताना बसलेला, त्या दिवशी काहीच झालेलं नसतं, लाइट चालू असते, खड्डा बुजवून माणसं घरी जातात, आणि मग पाणी हळूहळू आत झिरपत राहतं आणि वर्ष दोन वर्षांनी एखाद्या भर लोडच्या रात्री केबल उडते. त्या रात्री ज्या ऑपरेटरने स्विच टाकलेला असतो ना, त्याला पहिला फोन जातो. "तू काय केलंस?" स्विच त्यानेच टाकला होता हे खरं आहे, ते मी नाकारत नाही.

तुमच्या कॉम्प्युटरवाल्यांनी तर यासाठी तीन वेगळे शब्द करून ठेवलेत, फॉल्ट, एरर आणि फेल्युअर. फॉल्ट म्हणजे आत दडलेली खोट, ती वर्षानुवर्षं झोपून राहू शकते. ती जागी झाली की सिस्टिमची आतली स्थिती बिघडते ती एरर, आणि तो बिघाड बाहेर वापरणाऱ्याला जाणवतो ते फेल्युअर. तुझ्याकडे रात्री जे झालं ते फेल्युअर. फॉल्ट कधीचा आहे हे तू अजून बघितलेलंच नाहीस, तरी सगळा तुझा म्हणून मोकळा झालास. आणि तुमच्यात तो पेज फॉल्ट पण असतो ना? प्रोग्रॅमला हवं असलेलं पान मेमरीत नसतं, प्रोसेसर थांबतो, ऑपरेटिंग सिस्टिम ते पान आणून देते आणि काम पुढे चालू, दिवसभर सतत चालतं हे, आणि त्यालाही नाव फॉल्टच. टेनिसमध्ये पहिली सर्व्हिस बाहेर गेली की फॉल्ट, आणि दुसरी लगेच हातात, पॉइंट जातो तो दोन्ही गेल्या तरच. एकाच शब्दात किती कमीजास्त वजन मावतं बघ.

आता जमिनीखालची गोष्ट निघालीच आहे तर खऱ्या फॉल्टबद्दल, म्हणजे खडकातल्या, कारण मला त्याचं वेड आहे. भूगोलाच्या पुस्तकात भ्रंश किंवा प्रस्तरभंग वाचलं असशील. नुसती भेग म्हणजे भ्रंश नव्हे, भेगेच्या दोन्ही बाजूंचे खडक एकमेकांपासून सरकलेले असले पाहिजेत, सरकणं महत्त्वाचं. कोळशाच्या खाणीत थर खणत खणत पुढे जावं आणि अचानक समोर नुसता दगड यावा, कोळसा गायब, असं व्हायचं. अनुभवी खाणकामगारांना माहीत असायचं की थर संपलेला नाही, तो भ्रंशाने वर किंवा खाली सरकलाय, आणि भ्रंशाचा उतार बघून तो कुठल्या बाजूला शोधायचा याचा अंदाज ते बांधायचे. हे मला तुला अगदी आत्ता, या आठवड्यात सांगावंसं वाटतं. तुला वाटतंय की तुझं काम समोर दगड लागून संपलं, पण तो थर तिथेच कुठेतरी आहे, थोडा वर नाहीतर थोडा खाली.

18 एप्रिल 1906 ला सॅन फ्रान्सिस्कोचा भूकंप झाला तेव्हा सॅन अँड्रियास भ्रंश 400 किलोमीटरहून जास्त लांबीत फाटला आणि काही ठिकाणी रस्ते, कुंपणं जवळजवळ 6 मीटर बाजूला सरकली. सरळ गेलेलं कुंपण, मध्येच तुटून पुढचा अर्धा भाग भलतीकडे. हॅरी फील्डिंग रीड नावाच्या शास्त्रज्ञाने भूकंपाच्या आधीच्या कित्येक वर्षांची सर्वेक्षणाची मोजमापं काढून भूकंपानंतरच्या मोजमापांशी ताडून बघितली, आणि 1910 मध्ये त्याने मांडलं की भ्रंशापासून लांबची जमीन आधीपासूनच हळूहळू सरकत होती. मधला खडक मात्र घर्षणाने जागच्या जागी अडकून होता, रबरासारखा वाकत होता, ताण साठवत होता. एक दिवस तो सुटला. लोकांच्या लक्षात राहिलं ते मिनिटभराचं हादरणं, आणि रीडने बघितलं त्याच्या मागची वर्षं. त्याच भ्रंशाच्या काही भागांत खडक अडकत नाही, तिथे जमीन दरवर्षी थोडी थोडी सरकत राहते, फुटपाथच्या कडा वाकड्या होतात, भिंतींना तडे जातात, लोक वैतागत असणार, पण तिथे ताण तितका साठत नाही. तुमच्या टीममध्ये अशा किती वाकड्या कडा लोकांना दिसत होत्या आणि कोणी बोललं नव्हतं? टेस्ट आणि लाइव्हचे स्क्रीन सारखेच दिसतात हे तुझ्याआधी कोणालाच खटकलं नसेल हे मला पटत नाही. आणि डेटा परत आणायला चार तास का लागले, बॅकअप शेवटचा कधी तपासला होता, हे तू मला लिहिलंच नाहीस, बहुतेक स्वतःलाही विचारलं नाहीस.

आता माझं सांगते, हे मी फार कमी जणांना सांगितलंय. नोकरीतलं तिसरं की चौथं वर्ष, रात्रीची वेळ, अख्खा भाग अंधारात. मशीनने अंतर दाखवलं, गाड्यांच्या आवाजात हेडफोनमध्ये धप् नीट ऐकू येईना, आणि वाट बघायच्या ऐवजी मी आकड्यावर विसंबून खणायला सांगितलं. माणसांनी दोन तास रस्ता फोडला, आत केबल ठणठणीत. मी तिथेच सगळ्यांसमोर म्हटलं, माझी चूक झाली. आमचे सीनियर शांतपणे म्हणाले, "हो, ऐकल्याशिवाय खणलंस ही तुझी चूक झाली, ती झाली. पण आकडा कुठे चुकला ते सांग." मला तेव्हा ते फार कठोर वाटलं, चूक कबूल केली ना, आता अजून काय पाहिजे यांना? पण बसून शोधलं तेव्हा कळलं की रजिस्टरमध्ये ती केबल कागदी इन्सुलेशनची लिहिलेली होती, प्रत्यक्षात मधला मोठा तुकडा कधीतरी बदलून नव्या प्रकारची, एक्सएलपीईची म्हणजे प्लास्टिकच्या इन्सुलेशनची केबल टाकली होती आणि कोणी नोंदच केली नव्हती. तिच्यात पल्स जास्त वेगाने जातो, मी वेग लावलेला जुन्या केबलचा, म्हणून मशीन अंतर कमी दाखवत होतं आणि फॉल्ट होता चाळीसेक मीटर पुढे. मी "माझी चूक" एवढ्यावर थांबले असते तर ते रजिस्टर तसंच राहिलं असतं आणि पुढच्या माणसाने पुन्हा तिथेच रस्ता फोडला असता.

मला तुला सांगायचंय ते हेच आहे. खापर दुसऱ्याच्या डोक्यावर फोडलं की शोध थांबतो हे सगळ्यांना कळतं, पण ते स्वतःच्या डोक्यावर फोडून घेतलं तरी शोध तितकाच थांबतो. आणि ते जास्त फसवं आहे कारण ते प्रामाणिकपणासारखं दिसतं, बाकीचे पण सुटकेचा श्वास टाकतात, चला, सापडला.

विमान अपघातांच्या चौकशीचा आंतरराष्ट्रीय नियम आहे, शिकागो करारातलं परिशिष्ट 13, त्यात सरळ म्हटलंय की चौकशीचा उद्देश फक्त पुढचे अपघात टाळणं हा आहे, दोष किंवा जबाबदारी वाटणं हा नाही. 14 ऑगस्ट 2003 ला अमेरिकेच्या ईशान्य भागात आणि कॅनडात वीज गेली, जवळजवळ 5 कोटी लोक अंधारात, तेव्हाही असंच मागे मागे जाऊन शोधावं लागलं. ओहायोमध्ये लोडने तापून खाली लोंबलेल्या तारा वेळेवर न छाटलेल्या झाडांना टेकल्या, आणि त्याच वेळी कंट्रोल रूममधलं अलार्मचं सॉफ्टवेअर आतल्या एका बगमुळे गप्प बसलेलं होतं, ऑपरेटर समोर बसून होते आणि त्यांना काही कळतच नव्हतं. फक्त ऑपरेटर बदलून काय झालं असतं? झाड वाढतच राहिलं असतं.

आता तू म्हणशील ताई म्हणजे कोणाचीच जबाबदारी नाही का. तसं नाही. जो माहीत असून लपवतो, पैसे वाचवायला सेफ्टी काढून टाकतो, खोटी नोंद करतो, तिथे "कोणी" हे विचारायलाच हवं आणि जोरात विचारायला हवं. तुझ्यात त्यातलं काही नाही, तू पाचव्या मिनिटाला सगळ्यांना सांगितलंस, हे तुझ्याच मेसेजमध्ये आहे आणि ते तू सहज लिहून पुढे गेलास.

एक भाषेचं सांगू का, मला राहवत नाही. भ्रंश म्हणजे ढळणं, निसटणं. पतंजलीने महाभाष्य या संस्कृत व्याकरणाच्या ग्रंथात लिहिलंय की एका "गौः" (गाय) या शब्दाचे लोकांच्या तोंडी गावी, गोणी, गोता असे कितीतरी अपभ्रंश होतात. तो त्यांना ढळलेले शब्द म्हणत होता. आणि तसेच शतकानुशतकं ढळत ढळत आलेले शब्द घेऊन मी तुला हे पत्र लिहितेय. दोष म्हण, आयुर्वेदात वात, पित्त, कफ यांना दोष म्हणतात, आणि तेच समतोल असले तर शरीर धरून ठेवतात असं मानतात. आणि आपली चूक! रस्ता चुकतो, नेम चुकतो, काळजाचा ठोका चुकतो, नजर चुकवतात, आणि हिशेब मात्र चुकता करतात. तुझ्या हातात आत्ता दोन्ही आहे, नजर चुकवणं पण आणि हिशेब चुकता करणं पण.

म्हणून एक काम कर. झोप काढ आधी, मग त्या रात्रीचं मिनिटामिनिटाने लिहून काढ. किती वाजता काय उघडलं, स्क्रीनवर नेमकं काय दिसत होतं, काय टाइप केलं, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे त्या क्षणी ते तुला बरोबर का वाटलं. कोणाचं नाव घालू नकोस, स्वतःचं पण नको, "इंजिनिअरने" असं लिही. ऑफिसात देण्याआधी मला पाठव, कितीही रात्री पाठवलंस तरी चालेल. आणि कारणाच्या जागी "लक्ष दिलं नाही" असं लिहिलेलं दिसलं तर मी कागद परत पाठवणार आहे, लक्ष कुठे होतं ते लिहून परत दे म्हणून.

तुझी,
ताई