बस उजवीकडे ओढते

चि. लाडक्या भाचीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा रात्री पावणेबाराला तुझा मेसेज आला, 'मामा, हे गेम बिघडलंय का मीच येडी झाले? अर्धा तास नुसती फिरायलेय. मारायला कुणी नाही, पॉइंट नाहीत, काय करायचं तेच कळंना.' मोबाइलवर एवढं लांबलचक टाइप करायचा मला कंटाळा. म्हणून सकाळी दुकान उघडून, गिऱ्हाईक यायच्या आत कागदावरच लिहितोय. फोटो काढून पाठवीन.

गेम ठीक आहे, तूही ठीक आहेस. तू ज्यात फिरत होतीस ते 'अ म्यूझियम ऑफ ड्युबियस स्प्लेंडर्स' 2018 चं. बनवणारा स्टुडिओ ओलिओमिंगस कुठं अमेरिकेत नाही, गुजरातमध्ये चला नावाच्या गावी आहे. त्यातल्या गोष्टी मीर उमर हसन या गुजराती कवीच्या म्हणून सांगतात, आणि असा कवी कधी जन्मलाच नाही, तोही त्यांनीच रचलेला. त्या गोष्टी तू वाचल्यास का? नसशीलच. तू दार शोधत होतीस.

माझा एवढ्या वर्षांचा अनुभव असा, की विचित्र गेम म्हणजे बहुतेक वेळा नेहमीचाच गेम असतो, त्यातला एखादा खिळा कुणीतरी मुद्दाम उपटलेला असतो. आपण काय करतो, खिळ्याच्या जागी बोट घालून 'इथं काहीतरी पाहिजे होतं' म्हणून ओरडत बसतो. तू खिळा कोणता ते शोध, आणि तो काढल्यावर बाकीचं कशावर उभं आहे ते बघ.

बसचं उदाहरण घे, कारण बस तुला कळते. पेन आणि टेलर ही अमेरिकेतली जादूगारांची जोडी. त्यांनी 1995 मध्ये एक गेम तयार करून घेतला, तो बाजारात आलाच नाही, पण त्यातला 'डेझर्ट बस' नावाचा तुकडा पुढं लई गाजला. गेममधल्या मारामारीविरुद्ध तेव्हा बरीच ओरड चालली होती, तिला हा त्यांचा टोमणा. टूसानहून लास व्हेगासला बस न्यायची. वाळवंटातला सरळ रस्ता, वेग तासाला 45 मैलांच्या वर जात नाही, गाडीत प्रवासी नाहीत आणि गेम मध्येच थांबवताही येत नाही. आठ तास लागतात, खरे आठ तास. पोचलीस की एक पॉइंट. मग तशीच परत फिरायचं. बटण दाबून वर चिकटपट्टी लावावी म्हणशील तर तेही जमत नाही, कारण बस सारखी थोडी थोडी उजवीकडे ओढते.

मी एकदा दुकानात बसून पाऊणे दोन तास चालवली. एक बाई प्रिंटर घेऊन आल्या. 'ठेवा तिथं' म्हणून मान वळवली तेवढ्यात बस वाळूत. मग गाडी येते आणि बस ओढत परत टूसानला नेते, तेही खऱ्या वेळात. मी त्या बाईंचा प्रिंटर उघडला, रोलर साफ केला, टेस्ट पेज काढलं, पैसे घेतले, आणि पडद्यावर माझी बस अजून मागं मागं चाललेलीच होती. एवढा मी कुठल्या गेमवर हसलो नाही.

पण खरी गंमत नंतरची. संभाजीनगरला सामान आणायला एसटीनं निघालो, ड्रायव्हरच्या मागची सीट मिळाली. जिंतूर गेलं, मंठा गेलं, वाटूर फाटा आला तरी मी त्याच्या मनगटाकडंच बघत होतो. सरळ रस्त्यावर सुद्धा ते मनगट एक सेकंद स्वस्थ नसतं. पन्नाशी आली, शेकड्यानं एसटीचे प्रवास झाले, हे मला कधी दिसलं नव्हतं. थरार काढून घेतल्यावर गेममध्ये एवढंच उरलं होतं.

नेटकॅफे होता तेव्हा, 2011 च्या आसपास, पोरं 'क्यूडब्ल्यूओपी'वर तुटून पडायची. बेनेट फॉडीचा गेम, 2008 चा. शंभर मीटर धावायचं. दोन बटणं मांड्यांची, दोन पोटऱ्यांची. गडी दुसऱ्या पावलाला तोंडावर पडतो. तिथं चालणं हाच खिळा उपटलेला. त्यावर जास्त लिहीत नाही, स्वतः पडून बघ.

'व्हिब-रिबन'बद्दल मात्र लिहायलाच पाहिजे. 1999 चा प्लेस्टेशनचा गेम. काळा पडदा, त्यावर पांढऱ्या रेघेनं काढलेला एक ससा, आणि रस्ता म्हणजे पण एक रेघच. गेम मशीनच्या मेमरीत पूर्ण चढतो, मग डिस्क काढायची आणि आपली कुठलीही गाण्याची सीडी घालायची. त्या गाण्याच्या ठोक्यांवरून तो रस्ता तयार करतो. कुठं खड्डा, कुठं चौकोनी ठोकळा, कुठं गोल वेढा, कुठं लाटा. चुकत गेलीस की सशाच्या रेघा विस्कटतात, त्याचा बेडूक होतो, बेडकाचा किडा होतो.

मी काय घातलं असेल? एका वरातीत रेकॉर्ड केलेल्या हलगीची सीडी. पहिले दहा सेकंद शांत गेले, मग हलगी चढली आणि रस्त्यावर ठोकळ्यात खड्डा, खड्ड्यात लाट. एका वेळी दोन दोन बटणं. दीड मिनिटात माझा किडा झाला होता. नंतर हरिपाठाची सीडी घातली, तर टाळ सुरू होईपर्यंत ससा निवांत फिरायला निघाल्यासारखा. जपानमध्ये बसून ज्यांनी हे केलं त्यांनी हलगी ऐकली असण्याचं काही कारण नाही. तरी त्यांनी तिच्यासाठी जागा सोडून ठेवली होती. न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयानं, त्याला मोमा म्हणतात, 2012 मध्ये पहिल्यांदा चौदा व्हिडिओ गेम संग्रहात घेतले. त्यात हा होता.

त्याच चौदांत 'पॅसेज' आहे. जेसन रोररचा, 2007 चा. पाच मिनिटांचा, आणि पडदा म्हणजे 100 बाय 16 ठिपक्यांची एक पट्टी. तो खेळ आणि मला काही सांगू नकोस. फक्त दोनदा खेळ.

आता तुझा दुसरा प्रश्न, खराब गेम आणि विचित्र गेम ओळखायचा कसा. प्रश्न रास्त आहे. इंटरनेटवर विचित्र म्हणून मिळणारं निम्मं सामान नुसतं कच्चं असतं. अंधार करायचा, अचानक किंकाळी फोडायची आणि वर 'प्रायोगिक' अशी चिठ्ठी लावायची, हे मला अजिबात चालत नाही. मी एकच गोष्ट बघतो, शिस्त. चूक कुठंही होते, आज इथं, उद्या तिथं. मुद्दाम केलेल्या गोष्टीला मात्र नेम असतो. बस दर वेळी उजवीकडेच ओढते. तीच सीडी घातली की तोच रस्ता येतो. तेव्हा गेम बंद करून पुन्हा चालू कर आणि बघ, तो तुला त्याच ठिकाणी, त्याच पद्धतीनं अडवतो का.

स्वप्नांचे गेम याला थोडे अपवाद. 'एलएसडी' नावाचा 1998 चा ओसामू सातो यांचा गेम आहे, हिरोको निशिकावा यांनी दहा वर्षं लिहिलेल्या स्वप्नांच्या वहीवर बेतलेला. भिंतीला धडकलीस की दुसऱ्याच ठिकाणी. 'युमे निक्की' 2004 चा, किकियामा या नावानं कुणीतरी केलेला. त्यात मुलगी खोलीबाहेर पडायला नाही म्हणते, झोपते आणि स्वप्नात फिरते. हे खेळताना मला आपली आजी आठवते. पहाटे चुलीपुढं बसून सांगायची, 'विहिरीत उतरले तर आत बाजार भरलेला, अन् तुझा आजा तिथं बांगड्या विकायलाय.' आपण सगळे ऐकायचो. पुढं काय करायचं, असं कुणी विचारायचं नाही.

शोधायचं कुठं ते तुला माहीत आहेच, इच डॉट आयओ, छोटे छोटे गेम जिथं बनवणारेच टाकतात ती वेबसाइट. तुझ्या लॅपटॉपला ग्राफिक्स कार्ड नाही म्हणून रडू नकोस, तिथले बरेच ब्राउझरमध्ये चालतात आणि फुकट असतात. एखादा आवडला की त्या माणसाचे बाकीचे गेम काढ. 'टॉप टेन विचित्र गेम' असल्या याद्यांपेक्षा ते बरं. यूट्यूबवर कुणी खेळलेलं आधी बघायचं नाही. आणि खेळून झालं की वहीत तीन ओळी लिही, फक्त हातांनी काय केलं ते. मत नंतर.

कंटाळलीस की 'बिट्सी' उघड, ते स्वतःचा छोटा गेम बनवायचं साधन आहे. त्यात प्रत्येक वस्तू 8 बाय 8 ठिपक्यांत बसवावी लागते, खोली 16 बाय 16 चौकटींची, रंग तीन. प्रोग्रामिंग नाही. तुझी मेस त्यात बसव. मेसवाल्या काकू आठ ठिपक्यांत कशा ओळखू यायच्या, याच्यावर तुझा एक रविवार सहज जाईल.

गिऱ्हाईक आलं. दिवाळीला येशील तेव्हा बस आपण पाळीपाळीनं चालवू, चार तास तू, चार तास मी, आणि फराळ सुद्धा एका हातानंच करायचा. तुझ्या आईच्या कपाटात तिच्या लग्नाच्या बँडची सीडी आहे, ती गुपचूप घेऊन ये. त्या बँडवाल्यांचा ताल तेव्हाच मंडपात चुकला होता, ससा किती वेळ टिकतो ते बघायचंय.

तुझा,
मामा