वाचक विचारतात : बांबूवरची लढाई सातासमुद्रापार कशी गेली?

प्रश्न : झिलान लॅपटॉपवर 'क्राउचिंग टायगर, हिडन ड्रॅगन' दाखवल्यान. माणसा बांबवार उडतत, ता काय माका पटूक नाय. असलो पिक्चर अमेरिकेत इतको चललो कित्याक? आणि चीनमध्ये फारसो चललो नाय म्हणतत, ता खरा काय?
— एक वाचक, कुडाळ

काका, आधी उडण्याचं सांगतो. ते कॉम्प्युटरवर काढलेलं नाहीये. चाऊ युन-फॅट आणि झांग झियी या दोघांना क्रेनला तारा बांधून खरोखर बांबूच्या बेटात वर टांगलं होतं, कॉम्प्युटरवर नंतर फक्त तारा पुसल्या. म्हणून तर शेंडे खरे वाकतात, आपल्याकडे माणग्याच्या बेटात वारा शिरल्यावर वाकतात ना तसेच, आणि त्या माणसांना वजन आहे असं वाटत राहतं. राहिलं पटण्याचं, तर चीनमधल्या तलवारबाजीच्या कथांमध्ये साधना केलेला योद्धा छपरांवरून, पाण्यावरून चालतो हे लोकांनी लहानपणापासून ऐकलेलं असतं, दशावतारात त्याच एका बाकड्यावर देव बसला की आपण त्याला वैकुंठ म्हणतो आणि राक्षस बसला की पाताळ, तिथे कुठे आपण पुरावा मागतो?

आता अमेरिकेचं. २००० च्या मे महिन्यात हा पिक्चर कान फेस्टिव्हलला दाखवला, डिसेंबरमध्ये अमेरिकेत लागला. खर्च साधारण १ कोटी ७० लाख डॉलर आणि एकट्या अमेरिकेतली कमाई १२ कोटी ८० लाखांच्या आसपास, इंग्रजी सोडून दुसऱ्या भाषेतला कुठलाच पिक्चर तिथे तोवर एवढा चालला नव्हता. १० ऑस्कर नामांकनं आणि ४ ऑस्कर. रस्ता थोडा आधीच झालेला होता हे खरं, १९७३ मध्ये 'एंटर द ड्रॅगन'ने कुंग फूचं वेड लावलं (बिचारा ब्रूस ली तो तिकडे लागायच्या महिनाभर आधीच गेला), आणि १९९९ च्या 'मॅट्रिक्स'ची मारामारी बसवणारे युएन वू-पिंग यांनीच याही पिक्चरची बसवली, त्यामुळे तारांवरची लढाई बघायची तिकडच्या प्रेक्षकांच्या डोळ्यांना सवय झाली होती.

पण माझं मत विचाराल तर तो चालला कारण त्यातली लढाई गोष्ट थांबवून येत नाही, लढाईतूनच गोष्ट पुढे जाते. तलवार चोरीला जाते त्या रात्रीचा सीन परत बघा, प्लीज. दोघी बायका (झांग झियी पुढे, मिशेल यो मागे) छपरांवरून, बोलणं जवळजवळ नाही, मागे संगीतकार तान दुन यांचे नुसते ढोल. एक सारखी वर निसटायला बघते आणि दुसरी तिला दर वेळी खाली ओढते, पायावर पाय देऊन जमिनीला खिळवते. एकीला सगळं सोडून पळायचंय, दुसरीने जन्मभर मर्यादा पाळलीय, हे आपल्याला कुणी न सांगता कळतं आणि त्यासाठी चिनी यायला लागत नाही. आपल्या दशावतारातल्या राजपार्टींची (राजाची सोंगं घेणाऱ्या नटांची) लढाई आठवा, दोघे गिरक्या घेत फिरतात, मृदंगाची लय चढत जाते, झांज तापते, तलवारी लागतात न लागतात तोच कोण माजलाय आणि कोण आतून घाबरलाय हे मागच्या रांगेतल्या म्हातारीलाही समजतं. युएन वू-पिंग यांचे वडील पेकिंग ऑपेराच्या (चिनी संगीत नाटकाच्या) तालमीतले नट होते, म्हणजे मूळ तिथलंही रंगमंचावरचंच आहे.

चीनचं तुम्ही ऐकलंत ते बऱ्यापैकी खरं. तैवानमध्ये चांगला चालला, पण हाँगकाँग आणि चीनमध्ये त्या मानाने थंडच. तिथल्या लोकांनी असल्या लढाया वर्षानुवर्षं बघितलेल्या, त्यांना यात बोलणंच जास्त वाटलं, शिवाय चाऊ युन-फॅट आणि मिशेल यो यांचे मँडरिनचे (पिक्चरमधल्या चिनी भाषेचे) उच्चार त्यांच्या कानाला खटकले. मला त्यांची तक्रार समजते, तरी पिक्चर मोठाच आहे.

प्रश्न : मी आठवीत आहे, कराटेच्या क्लासला जाते. मिशेल यो लहानपणापासून कराटे शिकली होती का?
— एक विद्यार्थिनी, देवगड

नाही गं, ती बॅले शिकत होती! मलेशियातल्या इपोहची मुलगी, लंडनला नाच शिकायला गेली, तिथे पाठीला दुखापत झाली आणि बॅले सुटलं. मग १९८३ मध्ये मिस मलेशिया झाली, हाँगकाँगच्या ॲक्शन पिक्चरमध्ये गेली आणि तिथे काम करता करता मारामारी शिकली. 'क्राउचिंग टायगर'च्या वेळी तर गुडघा गेला, ऑपरेशन करून परत येऊन शूटिंग पूर्ण केलं, आणि मँडरिन येत नव्हती म्हणून संवाद उच्चारांवरून पाठ केले. २०२३ मध्ये तिला सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचं ऑस्कर मिळालं तेव्हा ती साठ वर्षांची होती. आणि गंमत बघ, झांग झियी नाचाच्या शाळेतली, त्याच पिक्चरमध्ये जेड फॉक्स झालेल्या चेंग पेइ-पेइ यांनीही बॅले केलेलं. तर कराटे कर आणि गॅदरिंगला नाचात पण नाव दे.

प्रश्न : डबिंग बघावं की सबटायटल?
— एक वाचक, रत्नागिरी

सबटायटल. अमेरिकेतल्या थिएटरात लोकांनी 'क्राउचिंग टायगर' वाचत वाचतच बघितला.

प्रश्न : आम्ही मित्र मिळून वेंगुर्ल्यात ॲक्शन शॉर्टफिल्म करतोय. बजेट काहीच नाही. असलं काही बाहेरच्या लोकांना आवडेल का, की तारा वगैरे लावाव्याच लागतील?
— एक तरुण, वेंगुर्ले

तारा अजिबात लावू नका, जीव जाईल कुणाचा तरी. २०११ चा इंडोनेशियाचा 'द रेड' बघा. दिग्दर्शक गॅरेथ इव्हान्स वेल्सचा, पण त्याने तिथलीच सिलाट ही युद्धकला घेतली, सिलाट शिकलेला इको उवैस घेतला, एका बिल्डिंगमध्ये सगळा पिक्चर, बजेट हॉलिवुडच्या मानाने चिल्लर आणि तरी टोरंटो फेस्टिव्हलपासून पार अमेरिकेपर्यंत गेला.

तुमच्याकडे दशावतार आहे, मग कराटेची नक्कल कशाला? कॅमेरा लांब ठेवा, पाय दिसू देत, दर सेकंदाला कट मारू नका. कलाकारांना जत्रांच्या दिवसांत त्रास देऊ नका, रात्रभर नाटक करून माणूस सकाळी तुमच्यासाठी काय उड्या मारणार, मे संपता संपता, पेरण्या लागायच्या आधी विचारा, आणि मानधन आधी ठरवा. मृदंगवाल्याला सेटवरच बसवा, लढाई त्याच्या हातावर बसवा, म्युझिक मागाहून चिकटवू नका.