विसार देऊन जमीन खरेदीखताच्या आधीच पुढे विकणं योग्य आहे का? धोका काय असतो?

तुम्ही विचारलंय की अमेरिकेतल्या होलसेलिंगचे व्हिडिओ बघितले, आणि तसंच आपल्याकडे थोडा विसार, म्हणजे आगाऊ रक्कम, देऊन जमीन धरून ठेवायची, मुदतीच्या आत जास्त भावाचं गिऱ्हाईक आणायचं आणि मधला फरक घ्यायचा, हे चालतं का. चालतं, पुणे जिल्ह्यात तर सर्रास चालतं, मीही दोनदा केलंय. तिसऱ्यांदा का केलं नाही ते सांगतो.

पहिला व्यवहार एका एकराचा. मालक सत्तरीचे, सोसायटीचं कर्ज थकलेलं. गुंठ्याला दीड लाख, म्हणजे साठ लाखांत ठरलं. आम्ही विसार दिला तीन लाख आणि मुदत चार महिने. विसार पावतीत एक ओळ असते, "लिहून घेणार अथवा ते सांगतील त्यांचे नावे खरेदीखत करून देणेचे आहे", हा सगळा धंदा त्या ओळीवर चालतो आणि वाचून दाखवताना नेमकी तीच घाईघाईत म्हटली जाते. त्या मालक बाबांनी तरी विचारलं, "ते सांगतील म्हंजी कोण?" माझा पार्टनर म्हणाला, घरातलंच कुणीतरी, बायकोच्या नावावर घेऊ. मी शेजारी बसलो होतो, गप्प राहिलो. अडीच महिन्यांत गुंठ्याला दोन लाख दहा हजारांचं गिऱ्हाईक मिळालं, खरेदीखत थेट बाबांकडून त्याच्या नावे, आणि चोवीस लाखांचा फरक आमचा. रजिस्टर ऑफिसच्या बाहेर बाबांना भाव कळला. भांडले नाहीत, नुसतं म्हणाले, "इचारलं तर होतं मी."

नफा घेतला यात मला पाप वाटत नाही, गिऱ्हाईक शोधणं हे काम आहे आणि त्याचे पैसे मिळायलाच पाहिजेत. पण त्या एका प्रश्नाला आम्ही खोटं उत्तर दिलं आणि चोवीस लाख त्या उत्तराचे होते. मालकाला तोंडावर सांगता येत नसेल की मी स्वतः घेणार नाही, पुढे विकणार आहे, तर तो व्यवहार करू नका.

आता धोका. नुसत्या साठेखताने (पुढे विक्री करण्याच्या कराराने) किंवा विसार पावतीने जमिनीत तुमचा काहीच हक्क तयार होत नाही, मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ च्या कलम ५४ मध्ये हे सरळ लिहिलंय. काहीजण म्हणतात कुलमुखत्यारपत्र, म्हणजे मालकाच्या वतीने सही करायचा अधिकार, घेतो मग झालं, पण सूरज लॅम्प खटल्याच्या २०११ च्या निकालात सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की मुखत्यारपत्राने मालकी येत नाही. शिवाय मधला फरक बहुतेक वेळा रोखीत फिरतो, आणि जमिनीच्या व्यवहारात वीस हजार किंवा जास्त रोख घेतली तर तेवढाच दंड बसू शकतो. खरेदीखतात पूर्ण चौऱ्याऐंशी लाख दाखवले तर मालकाच्या नावावर न मिळालेले चोवीस लाख लागतात, जमीन शहराच्या हद्दीत असेल तर त्यावर टॅक्सची नोटीस त्याच्या घरी येणार, तुमच्या नाही.

आमचा दुसरा व्यवहार बहिणीमुळे बुडाला. सातबाऱ्यावर फक्त दोन भाऊ, वडिलांच्या वारसाच्या फेरफारात (नावं बदलल्याच्या नोंदीत) बहिणीचं नावच घातलेलं नव्हतं, आणि तिने हक्क सोडल्याचा दस्त, म्हणजे हक्कसोड, कधी झालीच नव्हती. २००५ पासून मुलीला वडिलोपार्जित जमिनीत मुलाइतकाच हक्क आहे, तिने दावा लावला. गिऱ्हाईकाचे सात लाख आम्ही घेतलेले, त्यातले पाच भावांकडे गेलेले, ते म्हणाले खर्च झाले. दोन्हीकडून शिव्या आम्हालाच, कारण आम्ही ना मालक ना दलाल. ते पाच लाख आम्ही खिशातून भरले.

अमेरिकेतही हे मोकळं रान राहिलेलं नाही बरं का. इलिनॉय राज्याने २०१९ मध्ये कायदा बदलला, वर्षात एकापेक्षा जास्त असे व्यवहार करायचे तर ब्रोकरचं लायसन्स लागतं. व्हिडिओवाले हे सांगत नाहीत.

तुम्ही म्हणता तुमच्याकडे मालक तयार आहे. मग आधी जुने फेरफार काढा, बहिणींची नावं कुठे गेली ते बघा, वकिलाकडून तीस वर्षांचा सर्च, म्हणजे जुन्या दस्तांची तपासणी, करून घ्या. आणि मालकाला सांगा की दोन टक्के द्या, गिऱ्हाईक मी आणतो, भाव तुमच्यासमोर ठरेल. मी आता एवढंच करतो, पैसे कमी मिळतात, पण त्या गावांत मला अजून चहाला बोलवतात.