प्रश्नाचं शेपूट

आमचे सर जाऊन जेमतेम तीन आठवडे झाले असतील, तेव्हाची ही गोष्ट. हृदयविकाराने अचानक गेले. शिकवायचे गणित, पण वर्गातलं कोणतं पोर आतून पोखरलं जातंय हे समुपदेशक म्हणून बसलेल्या माझ्याआधी त्यांना कळायचं. संस्थेत समुपदेशनाची खोली सुरू व्हावी म्हणून वर्षानुवर्षं अर्ज करत राहिले तेही तेच.

त्यांच्या जागी आलेली तरुण शिक्षिका एका दुपारी माझ्याकडे आली. वर्गातल्या एका मुलाने रंगांची आवडती पेटी मित्राला देऊन टाकली होती. तास चुकवत होता, आला तर बाकावर डोकं टेकून झोपायचा. वहीच्या मागे लिहिलं होतं, 'आता फार दिवस नाहीत.' (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

"मॅडम, त्याला विचारावंसं वाटतं. पण त्याच्या डोक्यात नसलंच काही, आणि माझ्या विचारण्यानेच आलं तर?"

ही भीती मला पालकांकडूनही नेहमी ऐकू येते. ती मायेपोटी असते, पण खरी नाही. 2014 साली 'सायकॉलॉजिकल मेडिसिन' या नियतकालिकात 13 शोधनिबंधांचा आढावा आला होता. आत्महत्येबद्दल विचारल्याने तसे विचार लक्षणीय वाढल्याचं त्यातल्या एकाही अभ्यासात आढळलं नाही. ज्याच्या मनात ते नसतं तो "छे, काहीतरीच!" म्हणतो. ज्याच्या मनात असतं, त्याला आपलं ओझं कुणाला तरी दिसलं याचाच आधार वाटू शकतो.

कसं विचारायचं, ही मात्र वेगळी गोष्ट. नवीन असताना मी एका मुलीला सरांसमोर विचारलं होतं, "तसलं काही मनात नाही ना?" ती "नाही" म्हणाली. ती गेल्यावर सर म्हणाले, "मॅडम, तुमच्या प्रश्नाला शेपूट आहे. तो 'ना' काढा. त्या 'ना'मुळे पोरांना कळतं की तुम्हाला 'नाही'च ऐकायचंय." आणि 'तसलं' म्हणजे कसलं, तेही स्पष्ट बोला म्हणाले. मला रागच आला होता. गणिताच्या मास्तरांनी मला माझं काम शिकवावं!

तर मी शिक्षिकेला तेच सांगितलं. समोर नाही, शेजारी बसायचं. जे दिसलं ते आधी सांगायचं: पेटी, झोप, वही. मग सरळ विचारायचं, "तुला मरून जावंसं वाटतं का?" आणि गप्प बसायचं. हे गप्प बसणं सगळ्यात अवघड. "कुणाला सांगणार नाही" असं वचन मात्र द्यायचं नाही. जिवाचा प्रश्न असेल तिथे गुप्तता थांबते, आणि हे मुलाला आधीच माहीत असलेलं बरं.

दुसऱ्या दिवशी ती त्याला सोबत घेऊनच आली, एकटं सोडलं नाही. तो "हो" म्हणाला होता. किती दिवसांपासून, काही ठरवलंय का, हे मी विचारत गेले आणि तो सांगत गेला. घरी काय सांगायचं ते त्याच्याशी बोलून ठरवलं आणि त्याच्यासमोरच फोन केला. "त्याला काय कमी आहे?" आई पुन्हा पुन्हा म्हणत होती. तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. घरातल्या धोक्याच्या वस्तू हलवायला आणि रात्री कुणीतरी सोबत झोपायला सांगितलं. त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञाकडे नेलं. नंतर त्याच्याच शब्दांत एक कागद तयार केला: मन बिघडायला लागलं की आधी काय जाणवतं, तेव्हा स्वतः काय करायचं, कुणाला हाक मारायची, कुठे फोन करायचा. त्यात पहिलं नाव त्याने शिक्षिकेचं लिहिलं, आईचं तिसरं. महिन्याभराने आई वर सरकली.

उपचार अजून चालू आहेत. मधे दोन वाईट आठवडे येऊन गेले. पेटी मित्राने आपणहून परत आणून दिली.

मी मात्र अजून चुकते. परवाच एका मुलीला विचारून बसले, "झोप लागते ना?" तिने मान डोलावली. सरांची खुर्ची भिंतीशी होती, तिच्याकडे नजर गेली. मग प्रश्न पुन्हा विचारला, शेपटाशिवाय.